वीरधवल खाडे : एका शतांश सेकंदाने पदक हुकलेला कोल्हापूरचा जलतरणपटू

कोल्हापूर म्हटलं की आपल्याला तांबडा मातीचा आखाडा आणि कुस्ती आठवते. पण याच कोल्हापूरने देशाला एक वेगवान जलतरणपटूही दिला, वीरधवल खाडे.

सुरुवात कशी झाली?

वीरधवलचा जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा. पुढे बंगळुरूमध्ये प्रशिक्षक निहार अमीन यांच्या हाताखाली तो घडला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तो ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल प्रकारांत उतरला, तेव्हा त्याचं वय होतं अवघं १६ वर्षं.

२४ वर्षांनी आलेलं पदक

१९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक जिंकलं. त्यानंतर भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाच्या पदकासाठी २४ वर्षं थांबावं लागलं. २०१० साली चीनमधल्या ग्वांगझूमध्ये वीरधवलने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि ही प्रतीक्षा संपली. २०११ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

गंमत बघा, ज्या प्रकारात त्याला हे पदक मिळालं तो तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. ५० मीटर बटरफ्लायचा ऑलिम्पिकमध्ये समावेश होतोय तो थेट २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेपासून.

मग तो तहसीलदार कसा झाला?

खेळातल्या कामगिरीबद्दल महाराष्ट्र सरकारने त्याला तहसीलदारपदाची नोकरी दिली. नोकरीमुळे पोटापाण्याची चिंता मिटली, पण सरावात मोठा खंड पडला. जलतरणात रोज पाण्यात उतरावंच लागतं, आणि महसूल खात्याचं काम घड्याळ बघून संपत नाही.

जकार्तामध्ये काय झालं?

तरीही तो परतला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत त्याची वेळ होती २२.४७. कांस्यपदक जिंकणाऱ्या जपानी खेळाडूची वेळ होती २२.४६!

एक शतांश सेकंद म्हणजे किती? वीरधवलच्या सरासरी वेगाने हिशोब केला, तर साधारण सव्वादोन सेंटिमीटर. बोटाची जेमतेम एक-दोन पेरं. ५० मीटरच्या शर्यतीत वळण नसतं, त्यामुळे उडीत किंवा भिंतीला हात लावताना झालेली चूक भरून काढायला जागाच उरत नाही. सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे प्राथमिक फेरीतली स्वतःचीच वेळ त्याने पुन्हा दिली असती, तर पदक त्याचं होतं.

शेवट गोड झाला

२०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत वीरधवलने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. महिलांच्या याच प्रकारात सुवर्ण जिंकलं त्याची पत्नी ऋजुता खाडे हिने. याच स्पर्धेत त्याने निवृत्ती जाहीर केली.

पदकांच्या यादीत चौथ्या क्रमांकाची नोंद राहत नाही. पण नोकरीमुळे सराव मागे पडल्यावर, २७ वर्षांचा होण्याच्या आठवडाभर आधी राष्ट्रीय विक्रम करून पदकाला सव्वादोन सेंटिमीटरवर गाठणं, हीसुद्धा लक्षात ठेवावी अशीच कामगिरी आहे.