जुनी मिल बंद पडली तेव्हा

परवा विभागात एक ज्युनियर भेटायला आला. पेट पास झालाय, सिनॉप्सिस लिहितोय. विषय असा: उद्योग आणि तंत्रज्ञानातले निर्णय नैतिक सिद्धांतांच्या कसोटीवर तपासणे. "ताई, एवढं बघून द्या ना," म्हणत त्यानं चार पानं पुढे केली. तिसऱ्या पानावर एक तक्ता होता. डावीकडे निर्णय: नवं यंत्र आणणं, ग्राहकांचा डेटा विकणं, कारखाना बंद करणं. वर सिद्धांत: उपयुक्ततावाद, कांट, सद्गुणनीती. चौकटींत 'योग्य', 'अयोग्य', 'परिस्थितीनुसार'. 'परिस्थितीनुसार' जरा जास्तच वेळा आलं होतं.

असा तक्ता मीही एम.ए.ला केला होता, त्यामुळे हसण्याचा मला काही अधिकार नाही. पण त्याला म्हटलं, तिसरी ओळ, 'कारखाना बंद करणं', घे आणि आपल्याच गावात जा. सोलापुरातली एक मिल बंद पडली आणि त्यातून सर्वोच्च न्यायालयात दोन मोठे खटले झाले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते पाठ असतात. नीतिशास्त्रवाले त्यांच्याकडे फारसे फिरकत नाहीत, आणि सोलापूरकरांना तर आपली जुनी मिल राज्यघटनेच्या पुस्तकात आहे हेच बहुतेकदा ठाऊक नसतं.

जुनी मिल म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. मोरारजी गोकुळदासांनी सुरू केलेली ही गिरणी १८७७ मध्ये चालू झाली, म्हणजे दक्षिणेतला तो भयंकर दुष्काळ अजून संपलेला नव्हता तेव्हा. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा मिली उभ्या राहिल्या आणि ही आपोआप 'जुनी' झाली. गावाचं घड्याळ मिलच्या भोंग्यावर चालायचं. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला, त्या उठावात गिरणी कामगार मोठ्या संख्येनं होते. सोलापूरचा कामगार बेकार झाला तर रस्त्यावर काय होऊ शकतं, हे कुठल्याही सरकारला नव्यानं सांगायची गरज नव्हती.

आता १९४९. फाळणीनंतर चांगल्या, लांब धाग्याच्या कापसाचा मोठा प्रदेश पाकिस्तानात गेलेला. देशभरच्या गिरण्या कापसासाठी धडपडतायत, कापडावर सरकारी नियंत्रण आहे. अशात जुन्या मिलच्या संचालकांनी जुलैअखेर नोटीस लावली आणि ऑगस्टअखेर मिल बंद केली. ९ जानेवारी १९५० ला केंद्र सरकारनं वटहुकूम काढला. राज्यघटना लागू व्हायला तेव्हा सतरा दिवस बाकी होते. एप्रिलमध्ये त्याच्या जागी कायदा आला. हा कायदा फक्त एका कंपनीसाठी होता, नावानिशी. जुने संचालक गेले, मॅनेजिंग एजंटांचा करार संपला, सरकारनं नेमलेले संचालक आले. शेअरहोल्डरांना आपले संचालक निवडता येणार नव्हते, त्यांचा ठराव सरकारच्या मान्यतेशिवाय लागू होणार नव्हता, कंपनी गुंडाळण्याचा अर्जही परवानगीशिवाय करता येणार नव्हता.

या कायद्याचं प्रास्ताविक मी ज्युनियरला मोठ्यानं वाचायला लावलं. सारांश असा, की गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांमुळे एका जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनाला फटका बसला आहे आणि समाजाच्या एका विशिष्ट घटकात गंभीर बेकारी आली आहे. "हा उपयुक्ततावाद झाला," तो लगेच म्हणाला. बरोबर आहे, अर्धं. बेकारी आणि कापडटंचाई हे परिणामांचे हिशेब आहेत. पण 'गैरव्यवस्थापन आणि हेळसांड' हा आरोप आहे. जबाबदारी असणाऱ्यांनी ती पाळली नाही, अशी ती भाषा आहे, म्हणजे कर्तव्याची. नुसता परिणामांचाच विचार असता, तर मिल कापसाअभावी बंद पडो की संचालकांच्या निष्काळजीपणानं, सरकारला फरक पडायला नको होता. एका वाक्यात दोन नैतिक भाषा शेजारी शेजारी बसल्यात. खऱ्या दस्तऐवजात बहुतेक वेळा असंच असतं, म्हणून तक्त्याची चौकट भरताना हात अडखळायला हवा.

आणि 'कामगार' हा शब्द? तो नाही. 'समाजाचा एक विशिष्ट घटक' आहे.

चिरंजितलाल चौधरी नावाचा एक भागधारक या कायद्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयालाही तेव्हा वर्ष पूर्ण झालेलं नव्हतं. त्याच्या तक्रारी मुख्यतः दोन. एक, मतदानासारखे माझे हक्क काढून घेतले, म्हणजे माझी मालमत्ताच घेतली. दोन, देशात इतक्या कंपन्या असताना आमच्याच एकीसाठी कायदा का? कायद्यापुढे सगळे समान असतील तर एकालाच वेगळं काढता येणार नाही.

४ डिसेंबर १९५० ला निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश कनिया, फझल अली आणि मुखर्जी यांनी याचिका फेटाळली. शेअर अजून त्याचेच आहेत, विकता येतात, लाभांश मिळू शकतो, म्हणजे मालमत्ता गेलेली नाही. कंपनीचं काही गेलं असेल तर ते कंपनीनं येऊन सांगावं, भागधारकानं फक्त स्वतःचं सांगावं. समानतेबद्दल म्हणाल तर एकटी कंपनीसुद्धा एक 'वर्ग' होऊ शकते, आणि अशाच अवस्थेतल्या दुसऱ्या कंपन्या आहेत असं दाखवणं याचिकाकर्त्याचं काम होतं.

पतंजली शास्त्री आणि एस. आर. दास यांना समानतेचा हा मुद्दा पटला नाही. दास यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गैरव्यवस्थापन किंवा बेकारी ही काही या एकाच कंपनीची खासियत नव्हे. दुसरीकडे तेच घडलं तर तिथे हा कायदा लागत नाही, मग वेगळं काढण्याला आधार काय? इथे कांट आठवतो. जो नियम सगळ्यांना लावायला तयार आहात, तोच एकाला लावा. पण थांबा. दास कांट वाचून हे लिहीत होते असं आपल्याला म्हणता येणार नाही, आणि रॉल्सचा 'अज्ञानाचा पडदा' तर १९७१ च्या पुस्तकातला. व्हायवाला यावर हमखास अडवतात. 'या युक्तिवादाची रचना कांटच्या कसोटीशी जुळते' आणि 'न्यायमूर्तींनी कांटचा सिद्धांत लावला' ही दोन फार वेगळी विधानं आहेत. पहिलं विश्लेषण आहे, दुसऱ्याला पुरावा लागतो.

मला स्वतःला अल्पमत जास्त भावतं. तरी एक अडचण आहे. त्या दोघांचं ऐकलं असतं तर कायदा गेला असता, आणि मिल पुन्हा त्याच संचालकांच्या हाती गेली असती. १९५१ मध्ये संसदेनं उद्योग (विकास व नियमन) कायदा केला. ठरावीक अटी पुऱ्या झाल्या तर कायद्याच्या अनुसूचीतल्या कुठल्याही उद्योगाचं व्यवस्थापन सरकार हाती घेऊ शकेल, अशी तरतूद त्या कायद्यात आणि त्याच्या १९५३ च्या दुरुस्तीत आली. 'आमच्याच एकीसाठी का?' या प्रश्नाला खरं उत्तर तिथे मिळतं. सोलापूरसाठी मात्र ते उशिरा आलं.

दुसरा खटला जास्त टोकदार आहे. कंपनीचे काही प्रेफरन्स शेअर शंभर रुपयांचे होते, पण त्यांवर पन्नासच रुपये भरलेले होते. मिल चालवायला पैसा हवा, म्हणून सरकारनं नेमलेल्या संचालकांनी उरलेले पन्नास रुपये मागवले. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकानं नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला, पण १८ डिसेंबर १९५३ ला सर्वोच्च न्यायालयात जिंकला. सरन्यायाधीश आता पतंजली शास्त्री होते आणि दासही खंडपीठावर होते. न्यायालय म्हणालं, ही नुसती देखरेख नाही, नुकसानभरपाई न देता मालमत्तेपासून वंचित करणं आहे. वटहुकूम टिकला नाही.

नैतिक प्रश्न इथे फार स्वच्छ दिसतो. पहिल्या खटल्यात भागधारकाला सांगितलं, बाजूला बस. दुसऱ्यात सांगितलं, बाजूलाच बस, आणि खिशातून पन्नास काढ. निर्णयात मत नाही, पण खर्चात वाटा आहे. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, हे सूत्र वर्गात शिकवताना कुठलं उदाहरण द्यावं असा प्रश्न पडत असेल तर हे घ्या. सरकारनंही माघार घेतली नाही. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीत, सार्वजनिक हितासाठी ठरावीक मुदतीपुरतं व्यवस्थापन ताब्यात घेण्याला अनुच्छेद ३१अ मध्ये संरक्षण मिळालं.

माझ्या गाइडनी हे सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला होता: "या दोन्ही निकालांत कामगार बोलतो कुठे?" मी पानं उलटत राहिले. दोन्ही खटल्यांत एका बाजूला भागधारक आणि दुसऱ्या बाजूला सरकार आणि कंपनी. ज्याची बेकारी हे कायद्याचं कारण, तो पक्षकारच नाही. त्याचा उल्लेख होतो, त्याच्यासाठी युक्तिवाद होतो, पण तो स्वतः हक्क मागत नाही. परिणामांच्या भाषेत तो आहे, हक्कांच्या भाषेत फक्त शेअरहोल्डर आहे. कुणासाठी कुठला सिद्धांत वापरला जातो, हे वाटप मला कुठला सिद्धांत बरोबर यापेक्षा महत्त्वाचं वाटायला लागलं ते तेव्हापासून.

कामगाराला हक्काची भाषा मिळाली ती हळूहळू. ले-ऑफ आणि कपातीची भरपाई औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये आली, बंदची भरपाई १९५७ मध्ये. १९४९ च्या ऑगस्टमध्ये घरी गेलेल्या सोलापूरच्या कामगाराला यातलं काहीच लागू नव्हतं. १९७६ मध्ये मोठ्या कारखान्यांना बंद करण्याआधी सरकारी परवानगी सक्तीची झाली. १९७८ मध्ये एक्सेल वेअर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद रद्द केली, कारण धंदा करण्याच्या हक्कात तो बंद करण्याचा हक्कही येतो, वाजवी बंधनं घालता येतील एवढंच. नंतर दुरुस्ती करून परवानगी परत आणली गेली. सोलापूरच्या मिली मात्र एकेक करून बंदच झाल्या.

ज्युनियर म्हणाला, "पण ताई, माझा विषय तंत्रज्ञान आहे." मग मी त्याला पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यांकडे बघायला सांगितलं. साधा माग काढून रेपिअर आणला की कापड जास्त निघतं आणि तेवढ्याच कापडाला माणसं कमी लागतात. मालकाची अडचण खरी आहे. चादर आणि टॉवेलच्या बाजारात स्पर्धा आहे, बँकेचं कर्ज आहे. उपयुक्ततेचा हिशेब तो रोजच करतो, त्यासाठी त्याला पीएच.डी. लागत नाही. शोधनिबंधाचं काम पुढचं आहे: हा हिशेब कोण मांडतंय, ज्याचं काम जाणार तो त्यात आकडा म्हणून येतो की बोलणारा म्हणून, आणि नव्या मागाचा खर्च नेमका कुणाच्या अंगावर पडतो.

जुन्या मिलच्या बाबतीत हे विचारायला आता फार उशीर झालाय. १९४९ ला विशीत असलेला कामगार आज पंच्याण्णवच्या पुढे असेल. निकाल कुठे पळून जाणार नाहीत, ते नेटवर आहेत, कधीही वाचता येतील. ज्युनियरला म्हटलं, आधी घरी विचार, आजोबांपैकी कुणी जुन्या मिलमध्ये होतं का. रात्री त्याचा मेसेज आला. चुलत आजोबा होते, साच्यावर. ते नाहीत आता, पण आजी आहे, आणि मिल बंद झाली त्या वर्षी घर कसं चाललं ते तिनं सासूकडून ऐकलंय. रविवारी रेकॉर्डर घेऊन जायचं ठरलंय.