कापूस : शब्देतिहास

कापूस : मराठीतील ‘कापूस’ हा शब्द संस्कृत ‘कर्पास’ किंवा ‘कार्पास’ यावरून, प्राकृत ‘कप्पास’ या रूपाच्या द्वारे आला आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत रोज उच्चारला जाणारा हा शब्द एके काळी ग्रीक व लॅटिन भाषांतही रूढ होता, हे सहसा ध्यानात येत नाही. तेथे त्याचा अर्थ बदलला, पुढे तो मागे पडला आणि त्याची जागा वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या दुसऱ्या शब्दांनी घेतली.

मूळ शब्द आर्यभाषेतील नसावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. झां प्शिलुस्की या फ्रेंच पंडिताने तो ऑस्ट्रो-आशियाई भाषांमधून आला असावा असे मत मांडले. मात्र ते सर्वमान्य झालेले नाही. मनुस्मृतीत ब्राह्मणाचे यज्ञोपवीत कापसाचे असावे असे सांगितले आहे. वस्तू तर शब्दाच्या लिखित पुराव्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात कापसाच्या सुताचे अवशेष मिळाले आहेत.

ग्रीकांना वस्तूची ओळख आधी झाली व नाव नंतर मिळाले, असे दिसते. हीरॉडोटसने (इ. स. पू. पाचवे शतक) भारतातील रानटी झाडांना लोकर येते व ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस असते, असे लिहिले, परंतु तिचे भारतीय नाव दिले नाही. पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील प्रवासवृत्तात मात्र ‘कार्पासोस’ हा शब्द भारतीय मालाच्या संदर्भात येतो. त्याच ग्रंथात तगर (धाराशिव जिल्ह्यातील तेर) येथून भडोचकडे जाणाऱ्या कापडाचाही उल्लेख आहे. बायबलच्या जुन्या करारातील एस्तेरच्या पुस्तकात हिब्रू ‘कर्पस’, तसेच फार्सीत ‘करबास’ ही याच शब्दाची रूपे होत.

लॅटिनमधील ‘कार्बासुस’चा प्रवास अधिक मनोरंजक आहे. रोमन लेखक हा शब्द कापसापेक्षा तलम तागी वस्त्राला व त्यापासून केलेल्या वस्तूंना लावू लागले. ल्युक्रीशियसने तो नाट्यगृहांवर ताणलेल्या छताला लावला आहे, तर व्हर्जिलच्या काव्यात त्याचा अर्थ जहाजाचे शीड असा होतो. नाव दुरून आले, पण झाड डोळ्यांसमोर नव्हते. त्यामुळे नाव जवळच्या वस्तूला चिकटले. प्लिनीने कापसाच्या झुडपासाठी वापरलेला ‘गॉसिपियम’ हा वेगळाच शब्द लिनीअसने (१७०७–७८) प्रजातिनाम म्हणून स्वीकारला व तो शास्त्रात टिकला.

मध्ययुगात कापूस यूरोपात पुन्हा आला तो अरबांच्या हातून, व त्यांच्या शब्दासह. अरबी ‘कुत्न’पासून इटालियन ‘कोतोने’, फ्रेंच ‘कोताँ’, इंग्रजी ‘कॉटन’ व डच ‘काटून’ हे शब्द झाले. स्पॅनिश ‘आल्गोदोन’मध्ये अरबी उपपद ‘अल्’ही शब्दाला कायमचे जडले आहे, पोर्तुगीज शब्दाचीही तीच घडण आहे. जर्मनमध्ये ‘काटून’ हा शब्द सुती कापडापुरता, विशेषतः छापील कापडापुरता राहिला. कापसाला तेथे ‘बाउमवोल’ म्हणजे ‘झाडाची लोकर’ म्हणतात. हीरॉडोटसची कल्पना अशी लोकभाषेत जिवंत राहिली. स्वीडिश ‘बूमुल’ हा शब्द त्याच घडणीचा असून, चेक ‘बाव्ल्ना’मध्ये जर्मन शब्दाच्या पूर्वार्धाला स्वभाषेतील लोकरवाचक शब्द जोडलेला आहे. झाडाला कोकरे लागतात ही यूरोपातील मध्ययुगीन आख्यायिकाही याच कल्पनेची भावंड म्हणावी लागेल.

तिसरा प्रवाह इराणी भाषांचा. पेहलवी ‘पम्बग’पासून ग्रीक ‘बाम्बाकियोन’, तुर्की व सर्बियन ‘पामुक’, रूमानियन ‘बुम्बाक’ आणि इटालियन ‘बाम्बाज्या’ ही रूपे निघाली. रेशमाच्या किड्याचे ग्रीक नाव ‘बोम्बुक्स’ यात मिसळल्याने रेशीम व कापूस यांची नावे काही काळ एकमेकांत गुंतली. याच गोतावळ्यातील इंग्रजी ‘बॉम्बास्ट’ शब्दाचा पहिला अर्थ कपड्यात भरायचा कापूस असा होता. पुढे तो फुगवलेल्या, पोकळ भाषेला लावू लागले. फ्रेंच भाषेत ‘वाईट कापूस कातणे’ म्हणजे प्रकृती किंवा धंदा खालावणे.

यूरोपातील या बहुतेक शब्दांत झुडूप, तंतू, सूत व कापड हे सर्व सामावते. यवतमाळकडील वऱ्हाडी बोलीत तसे नाही. झुडूप ती ‘पऱ्हाटी’, फळ ते ‘बोंड’, बी ती ‘सरकी’, सरकीसह वेचलेला तो ‘कापूस’ आणि सरकी काढल्यावर उरते ती ‘रुई’. हा भेद केवळ शब्दांचा नाही. कापसाच्या वजनात रुई सुमारे एक-तृतीयांश असते, बाकी बहुतेक सरकी. शेतकरी क्विंटलवर विकतो तो कापूस. मुंबईच्या व्यापारात ३५५·६ किग्रॅ.च्या खंडीवर भाव बोलला जातो तो रुईचा. न्यूयॉर्कच्या बाजारातील ‘कॉटन’चा भावही पौंडामागे रुईचाच. ‘कॉटन’चे भाषांतर सरसकट ‘कापूस’ असे केले, की दोन्ही भावांची तुलना फसते. वृत्तपत्रांतून हा घोटाळा वारंवार आढळतो, आणि त्याची झळ शब्दकोशकारांना नव्हे, तर उत्पादकाला बसते. महाराष्ट्र शासनाच्या १९७१ च्या कापूस एकाधिकार खरेदीविषयक अधिनियमाच्या इंग्रजी शीर्षकात ‘रॉ कॉटन’ असे विशेषण जोडावे लागले, ते या अडचणीमुळेच असावे.

व्यापाराने स्थानिक नावेही बदलली. यवतमाळचा प्रदेश १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. तो मुंबई व लिव्हरपूल येथे ‘ऊमरा’ या नावाने विकला जाई. हे नाव उमरावती, म्हणजे अमरावती, या पेठेवरून पडले. वणीच्या शेतकऱ्याचा माल अशा रीतीने शेजारच्या पेठेच्या नावाने जगात गेला. शेतात मात्र तो ‘बनी’ (लांब धाग्याचा) किंवा ‘जरी’ (आखूड धाग्याचा) होता. आज बहुतेक क्षेत्र अमेरिकी जातीच्या संकरित वाणांखाली असून ही दोन्ही नावे जवळजवळ विस्मृतीत गेली आहेत. सरकी काढण्याच्या हातयंत्राचे ‘रेचा’ हे नावही मागे पडले व त्या जागी ‘जीन’ आले. हा इंग्रजी शब्द ‘एंजिन’चा संक्षेप असून त्याचे मूळ लॅटिन ‘इंगेनियुम’, म्हणजे बुद्धी किंवा कल्पकता, हे होय. यवतमाळात ‘जिनात कापूस नेला’ असे म्हणणाऱ्याला तो परका वाटत नाही.

उलट दिशेनेही एक शब्द गेला आहे. सरकीसह असलेल्या कापसासाठी स्वतंत्र शब्द हवा, म्हणून भारतातील व्यापारी इंग्रजीने हिंदीतील ‘कपास’ उचलला. कापसाच्या किमान आधारभूत किमतीसंबंधीच्या इंग्रजी मजकुरात तो आज सर्रास आढळतो. रोमन शिडांवरून नाहीसा झालेला शब्द अशा रीतीने आपल्या मूळ अर्थाच्या अगदी जवळच्या अर्थाने एका यूरोपीय भाषेत पुन्हा दाखल झाला आहे.