अट मोडली, हे ठरवायचं कोणी?

परिवीक्षेवर, म्हणजे कोर्टाच्या बोलीत प्रोबेशनवर, सोडलेला माणूस सुटलाच असं आपण समजतो. तसं नसतं. तो दोषी ठरलेला असतो, फक्त शिक्षा सुनावायची बाकी असते. मग त्याने अट मोडली तर? आणि मोडली हे ठरवणार कोण? आम्हाला हा दुसरा प्रश्न मोठा वाटतो. त्यासाठी आधी १८९८ सालात जाऊ.

टिळकांना सप्टेंबर १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. वर्षभराने, ६ सप्टेंबर १८९८ ला, सरकारने त्यांना अटींवर सोडलं. ही परिवीक्षा नव्हे, उरलेल्या शिक्षेची सशर्त माफी. पण सांगाडा तोच. सुटकेचे सत्कार-समारंभ घ्यायचे नाहीत, आणि सरकारविषयी अप्रीती पसरेल असं काही करायचं, बोलायचं, लिहायचं नाही. मोडलं तर गव्हर्नरने माफी रद्द करायची, पोलिसांनी वॉरंटशिवाय पकडायचं आणि राहिलेले सहा महिने भोगायला परत तुरुंगात.

आता बघा. टिळकांनी सही केलेल्या स्वीकृतीत एक खुलासा आहे: कोर्टाने गुन्हा ठरवलेलं कृत्य किंवा लेखन एवढंच या दुसऱ्या अटीत धरायचं. म्हणजे अप्रीती कशाला म्हणायचं, हे सचिवालयातल्या साहेबाच्या मर्जीवर राहिलं नाही. एका वाक्याने केवढा फरक पडला! दहा वर्षांनी, २२ जुलै १९०८ ला, न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावताना ही स्वीकृती काढलीच. हेच दावर १८९७ मध्ये बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते.

त्याच १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५६२ होतं, पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचं. मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि १९५८ मध्ये केंद्राचा आला. त्याचं कलम ९ म्हणजे टिळकांच्या त्या खुलाशाचाच पुढचा टप्पा. अट मोडल्याचं कळलं की कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढतं, माणसाचं ऐकून घेतं, मग मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिलीच चूक असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवता येतं. हो, १९५८ चे पन्नास रुपये! तो न भरल्यास मात्र मूळ शिक्षा समोर येते. शिवाय दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता, जी कलम १२ ने टळलेली असते, तीही परतते. नोकरी शोधणाऱ्या पोराला दंडापेक्षा हेच जास्त जड जातं.

आता आपल्या भिवंडीकडे या. कायदा विचारतो, राहण्याचं ठिकाण पक्कं आहे का, कामधंदा नियमित आहे का? यंत्रमागावरच्या परप्रांतीय कामगाराने याला काय उत्तर द्यायचं? मंदी आली, माग बंद पडले की तो गावी जातो. समन्स जुन्या खोलीच्या पत्त्यावर येतं, तिथे दुसरीच माणसं राहत असतात. पुढची पायरी वॉरंटची. आणि जामीन राहिलेला मुकादम असेल, तर त्याच्याही बंधपत्राचे पैसे अडकतात.

परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून अटी बदलून देण्याची सोय याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. गावी जायचं असेल तर गाडी पकडण्याआधी त्याला जाऊन सांगायचं.