टाटा, सर दोराबजी जमशेटजी : क्रीडासंघटनकार्य

टाटा, सर दोराबजी जमशेटजी : (२७ ऑगस्ट १८५९–३ जून १९३२). भारतातील आधुनिक क्रीडासंघटनेचे एक आद्य प्रवर्तक, भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्ष व आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले भारतीय सदस्य. उद्योगपती म्हणून त्यांची ख्याती सर्वश्रुत आहे. वडील जमशेटजी टाटा यांच्या निधनानंतर (१९०४) पोलादाचा कारखाना, जलविद्युत् योजना व बंगलोरची विज्ञानसंस्था या त्यांच्या तिन्ही संकल्पित कार्यांना दोराबजींनी मूर्त रूप दिले. या कर्तृत्वाच्या छायेत त्यांचे क्रीडाक्षेत्रातील कार्य काहीसे झाकोळले गेले. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्या कार्याचाच परामर्श घेतला आहे.

दोराबजींचा जन्म मुंबईत झाला. प्रारंभीचे शिक्षण तेथेच घेऊन १८७५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि पुढे केंब्रिज येथील गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले. तेथे क्रिकेट व फुटबॉल या खेळांत त्यांनी प्रावीण्य मिळविले. टेनिस, नौकानयन व घोडदौड यांतही ते रमत. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून ते पदवीधर झाले (१८८२). काही काळ बाँबे गॅझेट या वृत्तपत्रात उमेदवारी करून ते वडिलांच्या व्यवसायात शिरले. त्यांच्या पत्नी मेहेरबाई (भाभा) याही उत्तम टेनिसपटू होत्या व साडी नेसूनच त्या सामने खेळत. १९१० मध्ये दोराबजींना ‘सर’ हा किताब मिळाला.

इंग्लंडमध्ये दोराबजींना केवळ खेळाची गोडी लागली असे नव्हे. खेळ चालविण्याची एक शिस्त असते, हेही त्यांनी तेथे पाहिले. मैदान मोजलेले असावे, वेळ घड्याळावर नोंदली जावी, नियम आधी छापलेले असावेत आणि हरलेल्याने पंचाचा निर्णय मानावा, या गोष्टी आज प्राथमिक वाटतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील शाळांना त्या नवीन होत्या. परतल्यावर त्यांनी काही इंग्रज मित्रांच्या साहाय्याने मुंबईतील विद्यालयांची एक क्रीडासंघटना उभी केली व तिचे सरचिटणीसपद सांभाळले. आरंभी तिने क्रिकेटचे आणि नंतर मैदानी स्पर्धांचे सामने भरविले. त्या काळी मुंबईतील संघटित खेळ जिमखान्यांच्या द्वारे जातवार विभागलेला होता. पारशी, हिंदू, मुसलमान व युरोपीय यांचे जिमखाने वेगळे होते आणि क्रिकेटच्या तिरंगी (१९०७) व चौरंगी (१९१२) सामन्यांची उभारणीही याच पायावर झाली. शाळाशाळांमधील सामन्यांचा पाया मात्र निराळा होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुण्यात १९०६ साली बाळकृष्ण नारायण तथा बंडोपंत भाजेकर व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने डेक्कन जिमखाना या संस्थेची स्थापना झाली. देशी खेळांना पद्धतशीर रूप देणे व विदेशी खेळ आत्मसात करणे, असे तिचे दुहेरी कार्य होते. खोखो या खेळाचे नियम ठरविण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या संस्थेचा मोठा वाटा आहे. दोराबजी तिचे अध्यक्ष झाले आणि येथेच त्यांच्या क्रीडाकार्याला निर्णायक वळण मिळाले.

जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना दोराबजी उपस्थित राहिले, तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्यांचे सविस्तर वर्णन केले आहे. पहिली गोष्ट व्यवस्थेची. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेत न घेता वळणावरून घेण्याचे चालकांनी योजिले होते आणि धावपटूंच्या मार्गिका दोऱ्यांनी विभागलेल्या नव्हत्या. मैदान लहान आणि ओबडधोबड असल्यामुळे त्यांचाही नाइलाज होता. दुसरी गोष्ट धावपटूंची. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेली मुले बहुतेक शेतकरी कुटुंबांतील होती. ती अनवाणी धावत होती. त्यांना ना शास्त्रोक्त सराव होता, ना सकस आहार. तरीही त्यांनी घेतलेला वेळ यूरोपातील धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगा होता. व्यवस्था कच्ची आणि माणसे मात्र पक्की, हा विरोध दोराबजींच्या मनात ठसला. दोषाचे मूळ धावणाऱ्यात नसून धावविणाऱ्यांत आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. दोराबजींचे पुढील सर्व कार्य या निष्कर्षाला धरून आहे.

१९१९ मधील स्पर्धांना मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांना निमंत्रण होते. त्या प्रसंगी बेल्जियममधील अँटवर्प येथे १९२० मध्ये होणाऱ्या ऑलिंपिक सामन्यांत भारताचा संघ पाठविण्याची कल्पना दोराबजींनी मांडली. लॉइड यांच्या खटपटीने भारताला सहभागाची अनुज्ञा मिळाली. तीन धावपटूंचा खर्च स्वतः सोसण्याची तयारी दोराबजींनी दाखविली होती. उरलेल्या रकमेसाठी सरकार व जनता यांच्यापुढे हात पसरावा लागला. एप्रिल १९२० मध्ये पुण्यात निवडचाचणी झाली. निवडलेल्या संघात चार धावपटू व दोन मल्ल होते : फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकिणी व पूर्मा बॅनर्जी हे धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल. सोहराब भूत व टेनिसपटू डॉ. फैजी हे व्यवस्थापक म्हणून गेले. संघाने काही आठवडे इंग्लंडमध्ये सराव केला. याआधी नॉर्मन प्रिचर्ड याने १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन रौप्यपदके मिळविली होती. परंतु तो एकट्याचा पराक्रम होता, त्यामागे कोणतीही भारतीय संघटना नव्हती. संघ म्हणून भारताचा ऑलिंपिक इतिहास अँटवर्पपासून सुरू होतो.

अँटवर्पचे निकाल पदकांच्या दृष्टीने शून्य ठरले. तथापि ते बारकाईने पाहण्यासारखे आहेत. मॅराथॉन शर्यत त्या वर्षी ४२.७५ किमी. म्हणजे प्रचलित अंतरापेक्षा थोडी अधिक होती. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. बेळगावचे चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे यांनी फेदरवेट गटात उपांत्य फेरी गाठली आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत पराभूत होऊन ते चौथे आले. म्हणजे भारताला पहिले पदक अगदी एका कुस्तीच्या अंतरावरून हुकले. लाल मातीच्या हौदात, प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकेपर्यंत झुंजण्याची सवय असलेल्या मल्लाने परक्या देशात, गादीवर, घड्याळ लावलेल्या लढतीत हे यश मिळविले. महाराष्ट्राच्या कुस्तीच्या इतिहासात शिंदे यांना जेवढे स्थान मिळावयास हवे होते तेवढे मिळालेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे जपानशी तुलना उद्‌बोधक ठरेल. जूदोचे जनक कानो जिगोरो हे १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. १९११ मध्ये त्यांनी राष्ट्रीय क्रीडासंघटना स्थापन केली आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला दोनच खेळाडू पाठविले. त्यांपैकी कानाकुरी शिझो हा मॅराथॉन अर्ध्यावर सोडून देणारा धावपटू अँटवर्पला मात्र सोळावा आला, म्हणजे चौगुले यांच्यापुढे अवघी तीन स्थाने. खेळाडूंच्या कुवतीत फार अंतर नव्हते. अंतर होते ते कानो यांना लाभलेल्या आठ वर्षांच्या आघाडीचे आणि त्यांच्या मागे असलेल्या शिक्षणसंस्थांचे. कानो स्वतः शिक्षक होते. दोराबजींना कारखाने सांभाळून हे काम करावे लागले.

अमेरिकेतील चित्र याहून वेगळे होते. तेथे बेसबॉल हा प्रेक्षकांच्या तिकिटांवर चालणारा धंदा बनला होता व खेळाचा कारभार पाहणे ही पगारी वृत्ती झाली होती. बॅन जॉन्सन याने १९०१ मध्ये अमेरिकन लीगला प्रमुख संघमालिकेचा दर्जा मिळवून दिला आणि दीर्घकाळ तिचा कारभार कडक हाताने चालविला. १९१९ च्या जागतिक मालिकेत खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरल्याचे उघडकीस आल्यावर संघमालकांनी नोव्हेंबर १९२० मध्ये न्यायाधीश लँडिस यांना सर्वाधिकारी आयुक्त नेमले. जॉन्सन दोराबजींपेक्षा पाच वर्षांनी लहान होता आणि त्यांच्या आदल्या वर्षी, १९३१ मध्ये वारला. या दोघा समकालीनांच्या कार्यात साम्य एकच : दोघांनीही खेळाला नियमांच्या चौकटीत बसविले. जॉन्सनच्या खेळाला पैशाचा उगम होता, म्हणून पैशाचे दुखणेही होते. दोराबजींच्या खेळाला उगमच नव्हता; जो काही ओघ होता तो त्यांच्या व त्यांच्यासारख्या धनिकांच्या खिशातून.

शिवाय ऑलिंपिकच्या तत्कालीन नियमांनुसार खेळातून पैसा मिळविणारा खेळाडू अपात्र ठरे. महाराष्ट्रातील मल्ल संस्थानिकांचा आश्रय, बिदागी व इनाम यांवर जगत. हौशी खेळाडूची ही कल्पना मुळात फुरसत असलेल्या वर्गाची होती. पुण्याच्या रस्त्यावर अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला ती लागू करणे म्हणजे त्याने उपाशीपोटी हौस करावी, असे म्हणण्यासारखे होते. दोराबजींनी या नियमाला आव्हान दिले नाही. ते स्वतः त्याच परंपरेत वाढले होते. आपल्या देणगीने त्यांनी काही काळ ती अडचण झाकली, एवढे म्हणता येईल.

१९२० मध्ये दोराबजींची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर निवड झाली. एका जिमखान्याच्या व एका इलाख्याच्या बळावर देशाचा संघ निवडणे यापुढे योग्य नव्हे, हे त्यांनी ओळखले. प्रांतिक संघटनांचे जाळे उभारण्याच्या कामी त्यांना वाय. एम. सी. ए. या संस्थेचे मोठे साहाय्य झाले. मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन करणारे हॅरी क्रो बक व डॉ. ए. जी. नोरेन हे त्यांपैकी प्रमुख. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय सामने भरले आणि त्यांतून निवडलेला संघ बक यांच्या व्यवस्थापनाखाली पॅरिसला गेला. या वेळी मैदानी खेळाडूंबरोबर टेनिसपटूही होते. त्यांतील सिडनी जेकब एकेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. हैदराबाद संस्थानचे सय्यद मोहम्मद हादी हेही या संघात होते. औरंगाबाद, जालना, परभणी हा मराठवाड्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या क्रीडाचळवळीची झळ तिकडे फारशी पोहोचली नव्हती. संस्थानातील संघटित खेळ मुख्यतः हैदराबाद शहर व लष्करी छावण्या यांपुरता मर्यादित होता.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना विधिवत् स्थापन झाली. दोराबजी अध्यक्ष, नोरेन सचिव आणि लाहोरचे गुरुदत्त सोंधी साहाय्यक सचिव, अशी तिची पहिली रचना होती. दोराबजींनी हे पद थोडाच काळ भूषविले. १९२८ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग अध्यक्ष झाले. त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅम येथे भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक मिळविले. हॉकीची स्वतंत्र संघटना १९२५ मध्ये ग्वाल्हेर येथे निघाली होती, त्यामुळे या यशाचे श्रेय थेट दोराबजींकडे जात नाही. परंतु ज्या दारातून तो संघ आत गेला ते दार अँटवर्पसाठी झालेल्या खटपटीने उघडले होते. आंतरराष्ट्रीय समितीवर दोराबजी १९३० पर्यंत होते. पुढे तेथे त्यांची जागा सोंधी यांनी घेतली.

१९३१ मध्ये मेहेरबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोराबजींनी आपली जवळजवळ सर्व मालमत्ता विश्वस्त निधीस दिली. यूरोपच्या प्रवासात असताना जर्मनीतील बाट किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत पत्नीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

दोराबजींच्या कार्यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक, त्यांनी विदेशी खेळांना प्राधान्य दिले. दोन, संघटनेची सूत्रे धनिक व संस्थानिक यांच्या हाती राहण्याची प्रथा त्यांच्यापासून रूढ झाली. पहिला आक्षेप अर्धवट खरा आहे. डेक्कन जिमखान्यात देशी खेळांचे काम समांतर चाललेच होते, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, ती वाट निराळी असली तरी दूरची नव्हती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दात्याच्या मर्जीवर चालणारी संस्था दाता गेल्यावर दुसरा दाता शोधते. स्वतःचा निधी उभारण्याची सवय तिला लागत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले, तेव्हा त्यांना गावोगाव वर्गणी गोळा करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण ठेवले. जाधव यांनी त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.