मधुचंद्राची वाट : नगरांतून सागराकडे

विवाहानंतर नवदांपत्यानें परदेशीं प्रवासास निघावें, अर्धा काळ इतिहासप्रसिद्ध नगरें पाहण्यांत घालवावा आणि उरलेला अर्धा एखाद्या सागरतीरीं विसांव्यांत काढावा, हा बेत आज इतका रूढ झाला आहे कीं, तो कधीं काळीं कोणाला नव्यानें जुळवावा लागला असेल असें मनांतही येत नाहीं. परंतु प्रत्येक रूढीला जन्म असतो. या रूढीचा जन्म एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज समाजांत झाला आणि तिचें बालपण बहुतांशीं इटलींत गेलें. नगर आणि सागर यांची जी जोडी आज प्रवासाच्या बेतांत सहज शेजारीं शेजारीं बसते, ती जुळून येण्यास सुमारें शंभर वर्षें लागलीं. आणि तेवढ्या काळांत कांहीं संसारांना तिचें मोल फार जड गेलें.

इंग्रजींतील 'हनीमून' हा शब्द सोळाव्या शतकापासून आढळतो. मराठींतील 'मधुचंद्र' हा त्याचाच शब्दशः अनुवाद होय. मूळ शब्दांत प्रवासाची कल्पना मुळींच नव्हती. विवाहानंतरचा पहिला महिना मधासारखा गोड खरा, पण चंद्र पूर्ण झाला कीं दुसऱ्याच दिवसापासून त्याला उतरती कळा लागते, अशी किंचित उपरोधाची सूचना त्यांत होती. पुढें सधन इंग्रज कुटुंबांत विवाहानंतर वधूवरांची जी फेरी निघूं लागली, ती आप्तेष्टांच्या भेटीसाठीं. जे नातलग लग्नास येऊं शकले नाहींत त्यांच्या घरीं जाऊन यावें, सोबतीला वधूची बहीण किंवा मैत्रीण असावी, अशी ती रीति होती. महाराष्ट्रांत नव्या जोडप्यानें घरच्या मंडळींसह जेजुरीस अगर तुळजापुरास कुलदैवताच्या दर्शनाला जावें, यामागें जी भावना आहे, तिच्याहून ही फारशी वेगळी नव्हती. जोडपें कुळाचें होतें. त्याला स्वतंत्र एकांत हवा, ही कल्पना मागाहून आली.

ती आली तेव्हां तिच्या मागें एक गंभीर कारण होतें. त्या काळच्या प्रतिष्ठित इंग्रज घरांत वाङ्‌निश्चय झाल्यावरही वधूवरांस एकटें बसून मोकळेपणानें बोलण्याची संधि क्वचितच मिळे. आणि विवाह होतांच वधूची बहुतेक मालमत्ता कायद्यानें पतीची होई. ही स्थिति १८७० व १८८२ च्या कायद्यांनीं बदलली. म्हणजे आयुष्याची सारी जोखीम जिच्या हातीं सोंपवायची ती व्यक्ति कशी आहे, हें विवाहानंतरच्या प्रवासांतच प्रथम उमगे. ज्याला लोक सहल म्हणत, ती वस्तुतः एक परीक्षा असे. म्हणूनच तो प्रवास कोठें करावा, किती दिवसांचा करावा आणि कोणत्या गतीनें करावा, हे प्रश्न वरवर दिसतात तितके क्षुल्लक नव्हते.

इटलीची निवड मात्र या जोडप्यांनीं केलेली नव्हती. ती त्यांना वारशानें मिळाली. अठराव्या शतकांत इंग्रज उमरावांचे तरुण पुत्र शिक्षणाची पूर्तता म्हणून फ्रान्स व इटली यांची लांबलचक यात्रा करीत. १८१५ सालीं नेपोलियनचा पाडाव झाल्यावर तीच वाट मध्यम वर्गाला खुली झाली, आणि पूर्वीं जेथें तरुण विद्यार्थी आपल्या शिक्षकासह जाई तेथें आतां नवविवाहित पति पत्नीसह जाऊं लागला. पण प्रवासाचा अभ्यासक्रम जुनाच राहिला. फ्लॉरेन्सचीं चित्रें, रोमचे भग्नावशेष, व्हेनिसचे राजवाडे हे सारे पाठ क्रमानें उरकावयाचे. १८४२ मध्यें जॉन मरे या प्रकाशकाची उत्तर इटलीची मार्गदर्शिका निघाली. तेव्हांपासून तर कोणतें चर्च पाहावें आणि त्यांतील कोणत्या चित्रापुढें थांबावें, हेंही छापील मिळूं लागलें.

प्रवास कष्टाचा होता. इटली १८६१ पर्यंत अनेक लहानमोठ्या राज्यांत विभागलेली होती. व्हेनिस तिला १८६६ सालीं मिळालें व रोम १८७० सालीं. प्रत्येक सीमेवर परवाना दाखवावयाचा आणि जकातीसाठीं पेट्या उघडावयाच्या. भाड्याच्या बग्गीचा मालक करार करून देई व वाटेंतील जेवणाची आणि मुक्कामाची व्यवस्थाही बहुधा तोच पाही. ऋतूंचेंही बंधन होतें. उन्हाळ्यांत रोमच्या परिसरांत हिंवतापाचें भय असे, म्हणून परके प्रवासी उन्हाळा लागण्यापूर्वीं तें शहर सोडीत. दूषित हवा हेंच त्या तापाचें कारण, अशी समजूत होती. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबादेस हिंवतापाचे जंतु डासाच्या पोटांत पाहिले, आणि पुढच्याच वर्षीं ग्रास्सी व त्याचे सहकारी यांनीं मनुष्याचा हिंवताप अनॉफेलिस जातीच्या डासांमुळें पसरतो हें इटलींत सिद्ध केलें. तोंपर्यंत प्रवासाचें पंचांग ठरलेलें होतें : हिंवाळ्यांत रोम, वसंतांत नेपल्स किंवा फ्लॉरेन्स, आणि उन्हाळा आला कीं डोंगर अगर समुद्र.

समुद्राचा मान त्या मानानें नवा. समुद्रकिनारा म्हणजे कोळ्यांची व खलाशांची जागा, असेंच युरोपांतील प्रतिष्ठित लोक शतकानुशतकें मानीत आले होते. १७५० च्या सुमारास डॉक्टर रिचर्ड रसेल यानें समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा ग्रंथ लिहिला. त्यानें इंग्लंडांतील ब्रायटन गांवीं रोग्यांना समुद्रस्नान करावयास लावलें, आणि तेथून हवा बदलली. किनारा प्रथम रुग्णांचा झाला, मग राजघराण्याचा, मग सर्वांचा. फ्रान्सच्या दक्षिणेस कान हें कोळ्यांचें लहान गांव होतें. १८३४ सालीं लॉर्ड ब्रूम तेथें अडकून पडला व त्याच गांवाच्या प्रेमांत पडून त्यानें तेथें घर बांधलें. त्यानंतर तो सारा किनारा इंग्रजांच्या हिंवाळी वसाहतींनीं भरून गेला.

नगराचा अभ्यास आणि तीराची विश्रांति या दोन वाटा अशा रीतीनें वेगवेगळ्या चालत आल्या. त्या एकत्र कां याव्या लागल्या, हें तीन दांपत्यांच्या चरित्रांवरून चांगलें समजतें.

जॉन रस्किन आणि एफी ग्रे यांचा विवाह १० एप्रिल १८४८ रोजीं झाला. त्या वर्षीं युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला होता, त्यामुळें परदेशगमनाचा बेत सोडून त्यांना स्कॉटलंडच्या डोंगरांतच समाधान मानावें लागलें. इटली त्यांच्या वाट्यास १८४९ च्या नोव्हेंबरांत आली. व्हेनिस नुकतेंच ऑस्ट्रियाच्या वेढ्यापुढें शरण गेलें होतें. एकविशींतील एफीबरोबर तिची एक मैत्रीण होती. रस्किन सकाळपासून शिड्यांवर चढून कमानी मोजी, स्तंभशीर्षांचीं रेखाटनें करी, टिपणांवर टिपणें लिही. त्या परिश्रमांतून 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस' हा ग्रंथ निर्माण झाला, आणि त्या ग्रंथानें वास्तुकलेकडे पाहण्याची युरोपची दृष्टि पालटली. एफी मात्र मैत्रिणीसह नगर पाही, ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांच्या नृत्यसमारंभांस जाई आणि घरीं लांबलचक पत्रें लिही. हा विवाह केवळ नामधारी राहिला होता, व १८५४ सालीं कायद्यानें तो रद्द ठरला. एवढ्या मोठ्या दुःखाचा दोष एका शहराच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि व्हेनिसनें त्या दोघांना एकत्र येण्यास कांहींच कारण दिलें नाहीं, उलट दूर राहण्यास रोज नवें निमित्त दिलें, एवढें म्हणतां येईल.

दुसरें दांपत्य रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट यांचें. दोघेंही कवि. ती चाळीस वर्षांची व दीर्घकाळ आजारी. तो चौतीस वर्षांचा. मुलांपैकीं कोणीही लग्न करूं नये असा तिच्या पित्याचा हट्ट असल्यामुळें १२ सप्टेंबर १८४६ रोजीं त्यांनीं गुप्तपणें लग्न केलें. आठवड्याभरानें एक दासी व एक कुत्रा बरोबर घेऊन तीं इंग्लंडांतून निघालीं. पॅरिसमार्गें तीं पीसा येथें पोंचलीं, तीं तेथील हिंवाळा सौम्य असतो म्हणून. तिच्या प्रकृतीमुळें धांवाधांव शक्यच नव्हती. पुढल्या एप्रिलांत तीं फ्लॉरेन्सला आलीं आणि तेथेंच स्थायिक झालीं.

१८४८ च्या उन्हाळ्यांत फ्लॉरेन्सचा उकाडा चुकविण्यासाठीं तीं एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं फानो गांवीं गेलीं. पण तेथील ऊन आंतल्या शहराहूनही कडक निघालें. उन्हाळा काढण्याचा बेत मोडून त्यांना थोड्याच दिवसांत अँकोनाकडे सरकावें लागलें. समुद्र आहे म्हणजे गारवा आहेच असें नाहीं, हा धडा त्यांना मिळाला. तरी फानो वायां गेलें नाहीं. तेथील चर्चमध्यें ग्वेर्चीनो या चित्रकाराचें एका देवदूताचें चित्र होतें. तें पाहण्यास दोघें तीन वेळां गेलीं, आणि त्या चित्रावर ब्राउनिंगनें कविता लिहिली. मार्गदर्शिका हातीं धरून एका दिवसांत तीस चित्रें पाहणाऱ्यांस जें साधलें नाहीं, तें एकाच चित्रापुढें तीन वेळां बसलेल्या या दोघांस साधलें. पंधरा वर्षांचा हा संसार १८६१ सालीं एलिझाबेथच्या मृत्यूनें फ्लॉरेन्समध्येंच संपला. इंग्रजी साहित्याच्या इतिहासांत त्याची गणना सुखी संसारांत होते.

तिसरी कथा अधिक विलक्षण आहे. जॉर्ज एलियट या नांवानें लिहिणाऱ्या मेरी अ‍ॅन इव्हान्स या लेखिकेनें १८७१-७२ मध्यें 'मिडलमार्च' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिची तरुण नायिका वृद्धप्राय विद्वान पतीबरोबर विवाहानंतर रोमला येते. पति व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत गढून जातो, आणि ती त्या अवाढव्य भग्न नगरींत एकटी बसून रडते. भूतकाळाच्या ओझ्याखालीं वर्तमानाचें नातें कसें गुदमरतें, याचें इतकें सूक्ष्म चित्र क्वचितच कोणी काढलें असेल. पुढें ६ मे १८८० रोजीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, त्याच लेखिकेनें चाळीस वर्षांच्या जॉन क्रॉस याच्याशीं विवाह केला व दोघें इटलीस गेलीं. जूनमध्यें व्हेनिसच्या मुक्कामीं क्रॉस याचें मन अकस्मात् बिघडलें आणि त्यानें हॉटेलच्या खोलींतून मुख्य कालव्यांत उडी घेतली. नावाड्यांनीं त्याला वांचविलें. तो बराही झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लेखिकेचें निधन झालें. जी विपत्ति तिनें कल्पनेनें रंगविली होती, तिचें दुसरेंच रूप तिला प्रत्यक्ष पाहावें लागलें.

दरम्यान आगगाडीनें भूगोलच आंखूड केला होता. १८४६ सालीं व्हेनिस पुलानें मुख्य भूमीशीं जोडलें गेलें. १८६४ सालीं नीसला आगगाडी पोंचली, आणि त्याच वर्षीं टॉमस कुकनें आपल्या प्रवाशांना प्रथम इटली दाखविली. १८७१ मध्यें आल्प्समधील मों सनीचा बोगदा खुला झाला. याच लोहमार्गांमुळें विलायतेचें टपाल इटलींतील ब्रिंदिसी बंदरापर्यंत गाडीनें व तेथून आगबोटीनें मुंबईस येऊं लागलें. ज्या वाटेनें मुंबईकरांचीं पत्रें येत, त्याच वाटेनें इंग्रज नवदांपत्यें जात होतीं. एका महिन्याच्या रजेंत चार नगरें आणि एक किनारा बसविणें आतां शक्य झालें. व्हेनिसजवळच्या लीडो बेटावर १८५७ पासून समुद्रस्नानाची सोय होतीच. सकाळीं सान मार्कोचें चर्च आणि दुपारीं वाळूचा किनारा, असा दिवस एकाच गांवीं काढतां येऊं लागला. फ्रेंच किनारा मात्र हिंवाळ्याचाच राहिला. १९२३ सालीं आंतीब येथील एक हॉटेल उन्हाळ्यांत उघडें राहिलें, आणि त्यानंतरच्या वर्षांत उन्हाळी समुद्राची आजची कल्पना तेथें रुजली.

नगर आणि सागर यांची सांगड अशी पडली. वेग वाढला, तशी थांबण्याची गरजही वाढली. बग्गीच्या काळीं दोन नगरांच्या मध्यें चार दिवसांची वाट असे, आणि त्या वाटेवर दोघांना बोलण्यावांचून दुसरें काम नसे. आगगाडीनें ती वाट हिरावून घेतली. तिची जागा समुद्रकिनाऱ्यानें घेतली. नगर दोघांना बोलण्यास विषय देतें, आणि किनारा बोलण्यास वेळ देतो. केवळ विषय असून वेळ नसला तर रस्किनची गत होते. केवळ वेळ असून विषय नसला तर चौथ्या दिवशीं वाळूचाही कंटाळा येतो.

यावरून बेत कसा असावा हें सहज निघतें. नगरें थोडीं असावींत. दहा दिवसांत दोन पुरेत. तीं आधीं पाहावींत, समुद्र मागाहून यावा, म्हणजे पाहिलेलें मनांत स्थिर होतें. ऋतूची चौकशी तीराच्या नांवाआधीं करावी, कारण फानोचा उन्हाळा अजून तसाच आहे. आणि प्रत्येक नगरांत एखादें तरी स्थळ असें असावें, कीं जेथें दोघांनीं मुद्दाम दुसऱ्यांदा जावें. आज मुंबई-पुण्याचीं नवदांपत्येंही विमानानें कांहीं तासांत रोमला उतरतात. ना सीमेवर पेट्या उघडाव्या लागतात, ना बग्गीवाल्याशीं करार करावा लागतो. कष्ट गेले, परीक्षा तेवढी राहिली आहे. व्हेनिसच्या कमानी आणखी पुष्कळ वर्षें उभ्या राहतील; शेजारीं उभें असलेलें माणूस त्या कमानींकडे पाहतांना काय म्हणतें, हें ऐकण्याचे दिवस मात्र मोजके असतात.