आजोबांची जन्मनोंद कुठे शोधावी?

"आमच्या आजोबांचा जन्मदाखला मिळेल का?" ही विचारणा मंडळाकडे वरचेवर येते. कोणाला जातप्रमाणपत्रासाठी हवा असतो, कोणाला नागपूरला स्थायिक झालेल्या नातवाच्या कागदपत्रांसाठी, तर कोणाला नुसती वंशावळ पुरी करायची असते.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. तो १ एप्रिल १९७० पासून बहुतेक राज्यांत लागू झाला. त्याआधी १८८६ चा कायदा होता, पण त्यात नोंद करणे ऐच्छिक होते. त्यामुळे नगरपालिकेच्या खिडकीवर जुना दाखला मागितला की "नोंद नाही" असे उत्तर येते. तेवढ्यावर परत फिरू नये.

आपला भाग मध्यप्रांतातला. गावचा कोतवाल, म्हणजे हिंदीतला कोटवार, जन्म-मृत्यूची वही घेऊन ठाण्यावर जाई. त्याला बहुधा लिहिता येत नसे. पाटील, पटवारी किंवा गुरुजी वही भरून देत. तारीख, बापाचे नाव, जात, गाव, मुलगा की मुलगी, एवढेच त्यात असे. बाळाचे नाव बहुतेक वेळा नसतेच, कारण बारशाआधीच खबर ठाण्यावर पोचलेली असे. आम्ही स्वतः आजोबांचे नाव शोधत दोन दिवस घालवले, मग डोक्यात प्रकाश पडला. पणजोबांच्या नावाने पाहिले तर तीन मुलांच्या नोंदी निघाल्या! त्यातली आजोबांची कोणती? थोरल्या भावाचे वय शाळेच्या रजिस्टरात सापडले, तेव्हा क्रम लागला. म्हणून जाण्याआधी पणजोबांचे नाव, भावंडांचा क्रम आणि जन्माचे गाव घरातल्या वृद्धांना विचारून लिहून घ्यावे. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत, तेव्हा पणजीचे माहेरही पाहावे.

पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. त्याआधी पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिली छिंदवाड्यात होत्या. तेव्हा तहसिलीत बस्ता मिळाला नाही तर छिंदवाड्याच्या अभिलेखागारातही चौकशी करावी.

दुसरा आधार शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचा. मात्र त्यातली तारीख जपून घ्यावी. बँकेत असताना आम्ही पाहिले, निम्म्या सहकाऱ्यांचा जन्म १ जुलैचा! गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख. साल बहुधा जवळपासचे असते.

जमिनीचे जुने कागद, म्हणजे मिसल बंदोबस्त आणि पुढचे खसरे, जन्म सांगत नाहीत. पण अमुक वल्द तमुक या गावात होता, हे सांगतात. आयर्लंडच्या लोकांचीही हीच गत आहे. तिथे सर्वांच्या जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून. त्याआधीचा पूर्वज चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत शोधायचा. १९२२ मध्ये डब्लिनच्या दप्तरखान्याला आग लागून जुन्या जनगणनांचे बहुतेक कागद जळाले, म्हणून तेही जमीन-आकारणीच्या याद्या चाळतात.

बाप्तिस्म्याच्या वहीऐवजी आपल्याकडे भाटाची पोथी आणि तीर्थोपाध्यायाची वही आहे. नाशिक, प्रयाग, गया, हरिद्वार, जिथे कोणी अस्थी नेल्या असतील तिथे गाव आणि कुळ सांगावे. भाटाच्या पोथीतल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या आम्ही धरतो, त्यामागचे राजे-महाराजे बाजूला ठेवतो. पोथी वाट दाखवते, पण कचेरीत तेवढ्यावर काम होत नाही.

घरच्या आठवणीही साल सांगतात. आजी "मानमोडीच्या साली" म्हणाली तर १९१८, "छप्पन्या" म्हणाली तर संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. पत्रिकेत शक असेल तर त्यात ७८ मिळवावे. पौषापासून फाल्गुनापर्यंतचा जन्म असेल तर एक वर्ष पुढे जाऊ शकते.

नागपूरकडेही दुर्लक्ष करू नये. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या वेळचा रहिवास विचारतात, तेव्हा हे लक्षात ठेवावे: त्या दिवशी सौंसर आणि काटोल एकाच राज्यात होते. भोसल्यांच्या काळापर्यंत मागे जायचे असेल तर कागद मोडीत मिळतील. जाणकार सोबत न्यावा.

नोंद सापडली की फोटोवर भागवू नये. प्रमाणित नक्कलच मागावी आणि अर्जात वहीचे साल, गाव व पान लिहावे. एका कचेरीत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्याच बस्त्याला वाळवी लागलेली होती. नक्कल आधीच घेतली होती म्हणून निभावले.