शीतल महाजन

शीतल महाजन (जन्म : १९ सप्टेंबर १९८२, पुणे) या भारतीय स्कायडायव्हर आहेत. भारत सरकारने २०११ साली त्यांना पद्मश्री पुरस्काराने सन्मानित केले.

ध्रुवीय उड्या

१८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर सुमारे २,४०० फुटांवरून पॅराशूट उडी घेतली. ही त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. तत्पूर्वी सरावाची एकही उडी त्यांनी घेतली नव्हती. तापमान शून्याखाली ३७ अंश सेल्सियस होते. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून उडी घेतली.

नऊवारीतील उडी

आयुष्यातील खास प्रसंग आकाशात साजरे करण्याची हौस अनेक स्कायडायव्हरांना असते. महाजन यांचा विवाहही २००८ साली पुण्यात उष्ण हवेच्या फुग्यात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे त्यांनी नऊवारी साडी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी घेतली. साडीवरच पॅराशूट व सुरक्षा साधने बांधावी लागल्याने ही तयारी नेहमीपेक्षा अवघड होती. भारतीय स्त्रीची रोजच्या वापरातील साडी धाडसी खेळातही अडसर ठरत नाही, हे दाखवणे हा त्यामागील हेतू होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट परिसरात २१,५०० फुटांवरून उडी घेतली.